डॉ. वामनराव नगराळे आणि एकविसाव्या दिवशी उघडलेलं दार

डॉ. वामनराव नगराळे सरांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते सिंहिणीच्या पिंजऱ्यासमोर पोटावर पालथे पडून आत बघत होते. हिंगणीच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं प्राणी केंद्र आहे. तिथे मी मुलाखतीला गेले होते. मी सेलूच्या हार्डवेअरच्या दुकानदाराची मुलगी, प्राणिशास्त्राची नवी पदवी, बगलेत फाइल आणि अंगावर कडक इस्त्रीचा ड्रेस. सर उठले, पॅंटवरची माती झटकली आणि माझी फाइल न उघडताच त्यांनी विचारलं, "तुले लाजबीज वाटते काय बेटा?"

कशाची, असं मी विचारलं.

"इथं सिंह-सिंहिणीचं जे होते ते पाहून लिहा लागते. कितीदा झालं, किती वेळ झालं, कोन कोनावर गुरगुरलं. लाजनारीचं हे काम नाई."

मी म्हटलं, नाही वाटत. माझे कान तापलेले त्यांना दिसले असणारच, पण त्यांनी तो विषय तिथेच सोडला. "मंग उद्यापासून येजो," म्हणाले. एवढीच माझी मुलाखत. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं होत आली.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला आणि पत्रात 'प्रसन्न आठवणी पाठवाव्यात' असं लिहिलं. प्रसन्न आठवणी माझ्याकडे आहेत, त्या लिहिते. पण एक आठवण मुळीच प्रसन्न नाही, आणि ती टाळून सरांचा गौरव करणं मला जमणार नाही. या ग्रंथातल्या दोन-चार लेखांत एक वाक्य येणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे, कारण बारा वर्षं मी ते भाषणांतून, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत ऐकत आले आहे: 'सरांचं ते एक ऑपरेशन फसलं, पण माणूस मोठा.' ते ऑपरेशन फसलेलं नव्हतं. मला हे सांगायचं आहे, आणि सर आपल्यात असताना सांगायचं आहे. इतक्या उशिरा का सांगते, त्याचं उत्तर पुढे येईल, आणि ते मला शोभा देणारं नाही.

आधी केंद्राविषयी. सर्कशीत सिंह ठेवायला बंदी आली आणि ठिकठिकाणचे सिंह सोडवून अशा केंद्रांत आणले गेले. आमच्याकडे आले त्यातले बहुतेक सर्कशीच्या गाडीतच जन्मलेले. कुणाचा आजा आफ्रिकेतला, कुणाची आजी गीरची, आणि पिढ्यान्‌पिढ्या भावाशी बहिणीचा, बापाशी मुलीचा संबंध आलेला. असं रक्त जंगलात सोडता येत नाही आणि पिंजऱ्यात वाढवण्यात अर्थ नसतो. म्हणून वरून नियम आला होता: यांना मरेपर्यंत नीट सांभाळा, पण यांना पिल्लं होऊ देऊ नका. सर हे पाहुण्यांना एका वाक्यात सांगत. "हे केंद्र सिंह वाचवाले नाई, सिंह संपवाले हाय. फक्त प्रेमानं संपवाचे."

सर मूळचे नाचणगावचे. वडील पुलगावला गिरणीत कामाला होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच सुमारास घरातल्या पोरांनी शिकायचं हे पक्कं ठरलं. सर पशुवैद्य झाले, सरकारी नोकरीत तीस-एक वर्षं गावोगाव गाई-म्हशींची बाळंतपणं केली. निवृत्तीनंतर लोक घर बांधतात, सर सिंहांकडे आले. का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आयुष्यभर जनावरं वाढवली. आता ज्याइले वाढवाचं नाई त्याइच्याजवळ कोनीतरी बसाले पायजे ना."

त्यांची शिकवण्याची पद्धत सरळ होती. एकदा वर्ध्याच्या एका कॉलेजची सहल आली. सोबतच्या मॅडमनी सरांना हळूच सुचवलं, तो भाग वगळला तरी चालेल. सर म्हणाले, तो भाग वगळला तर सिंह वगळावा लागेल. आणि त्या साठ-सत्तर मुलामुलींपुढे त्यांनी सगळं सांगितलं. सिंहीण माजावर आली की तीन-चार दिवस सिंह तिच्या मागून हलत नाही, खाणंपिणं दोघंही विसरतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने मिलन होतं, आणि ते मिनिटभरही टिकत नाही. सिंह तिची मान दातांत धरतो, पण चावत नाही. त्याच्या इंद्रियाला मागे वळलेले बारीक काटे असतात, बाहेर पडताना ते तिला लागतात, म्हणून ती दर वेळी फिरून त्याला पंजा मारते. त्या दुखण्यानेच तिच्या पोटात बीज सुटतं. पोरं सुरुवातीला खुसखुसली, मग वह्या काढून लिहू लागली. सर पुढे म्हणाले, "कळपात नवा सिंह आला तं आधीची पिल्लं मारून टाकते. पिल्लं मेली का आई पुन्हा माजावर येते, अन् त्याच्याच संगं. निसर्गात दया शोधाले जाऊ नका. ती मानसानं आनाची असते." त्या मॅडम जाताना सरांच्या पाया पडल्या, हे मी पाहिलं आहे.

नोंदवहीच्या बाबतीत ते फार कडक होते. आल्या आल्या मी एका सिंहिणीच्या नावापुढे 'दुपारी शांत झोपली' असं लिहिलं होतं, कारण ती रोज झोपत असे. सरांनी विचारलं, दुपारी तू कुठे होतीस. मी ऑफिसात होते. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि त्या ओळीखाली माझ्याच अक्षरात लिहायला लावलं: 'मी पाहिलं नाही.' पुसू दिलं नाही, फाडू दिलं नाही. ती वही अजून कपाटात आहे.

त्यांच्या मायेचे प्रसंग सांगायचे तर पुष्कळ आहेत, पण एक सांगते, कारण त्यात माझीही ओळख होते. सहा महिन्यांनी माझ्या घरी कळलं की पोरगी नेमकं कसलं काम करते. आईने जेवण सोडलं. वडील म्हणाले, नोकरी सोड, स्थळं पाहतो. सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोघं बसने सेलूला आले. सर वडिलांशी अर्धा तास बोलले, माझ्या कामाचं कौतुक केलं, तिला पुढे शिकू द्या म्हणाले. वडिलांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. पण दोघांना चहा दिला तो दुकानाच्या फळीवर, वेगळ्या पेल्यांतून. घरात या असं कुणी म्हटलं नाही. सरांनी आणि काकूंनी तो चहा घेतला, पेले फळीवर नीट ठेवले आणि निघाले. मी तिथेच उभी होते. मला सगळं समजलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सर माझ्याशी नेहमीसारखे बोलले. नोकरी वाचली होती ना.

आता त्या ऑपरेशनविषयी.

बहादर आणि मैना एकाच सर्कशीतून, एकाच गाडीतून आमच्याकडे आले. बहादर नऊ वर्षांचा, मैना सहाची. सर्कशीच्या माणसाने सांगितलं होतं की दोघं एकाच आईची असावीत, नक्की कुणाला माहीत नाही. दोघांना एकमेकांची इतकी सवय होती की वेगळं केलं की जेवत नसत. सरांनी ठरवलं, बहादरची नसबंदी करायची आणि मग दोघांना कायमचं एकत्र ठेवायचं. बैलासारखं खच्ची करणं सोपं होतं, पण सिंहाला खच्ची केलं की त्याची आयाळ झडते आणि सिंहीण त्याला ओळखेनाशी होते. नसबंदीत आयाळ राहते, माज राहतो, जोडी राहते, फक्त पिल्लं होत नाहीत. सरांच्या मते जन्मभर कैदेत राहणाऱ्या जनावराला आपण एवढंच देऊ शकत होतो.

ऑपरेशन मी जवळून पाहिलं. सरांचे हात तेव्हा साठीच्या पुढचे होते, पण कापरं नव्हतं. काम झाल्यावर त्यांनी दोन पिंजऱ्यांमधल्या सरकत्या दारावर स्वतः खडूने लिहिलं: 'साठ दिवस उघडू नये.' का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी समजले, टाके भरायला वेळ हवा.

तिसऱ्या आठवड्यात काकूंना वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं. सर पाच दिवस तिकडेच होते, केंद्र माझ्यावर सोपवलेलं. नेमकी तेव्हाच मैना माजावर आली. ती जमिनीवर लोळायची, दाराला अंग घासायची, आणि पलीकडे बहादर त्या दारावर डोकं आपटायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाळातून रक्त आलं. मांसाला दोघंही तोंड लावत नव्हते. आमचे जुने राखणदार दौलतभाऊ हिंगणीचे, जन्मभर गुरं पाळलेले. ते म्हणाले, "काऊन तरसवून राह्यल्या मॅडम त्याइले? एकदा खच्ची केलेला बैल गाय गाभन करते काय? टाके तं वाळले. उघडून टाका."

मी टाके पाहिले. खरंच वाळले होते. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बैल होता. बैलाचं खच्ची केलं त्याच दिवशी संपतं, तसंच याचंही संपलं असेल, असं मला वाटलं. ऑपरेशनला एकवीस दिवस झाले होते. भर दुपारी मी साखळी ओढली आणि दार उघडलं.

तीन दिवस मी सगळं पाहिलं. सरांनी कॉलेजच्या मुलांना सांगितलं होतं तसंच सगळं झालं, मानेवरचे दात, मग तिचा पंजा, मग दोघं शेजारी पडून धापा टाकायचे. चौथ्या दिवशी दोघं पोटभर जेवले. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मग सर उद्या येणार असा निरोप आला आणि मला दारावरची खडूची ओळ आठवली. मी दार बंद केलं. नोंदवहीत त्या चार दिवसांपुढे लिहिलं, 'नेहमीप्रमाणे.' वाटलं, टाक्यांचं काही बिघडलं नाही तर बोलणी का खायची.

माझी चूक मला कळली ती महिनाभराने, आणि तीही सरांच्याच तोंडून. पशुवैद्यक शिकणारी काही मुलं आली होती, सर त्यांना बहादरपाशी उभे राहून सांगत होते. नस कापली तरी तिच्या पुढच्या भागात आधीचं बीज उरतं, ते आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं. म्हणून ऑपरेशननंतर दोन महिने जोडी लावायची नाही. "बैल खच्ची करन्यात अन् यात हाच फरक हाय," ते म्हणाले. मी मुलांच्या मागे उभी होते. तेव्हाच पुढे होऊन सांगितलं असतं तर मैनाला औषध देऊन गर्भ पाडता आला असता, इतका वेळ हाताशी होता. मी सांगितलं नाही. मी रोज तिच्या पोटाकडे बघत राहिले आणि काही नसू दे म्हणत राहिले.

सिंहिणीचं पोट लवकर दिसत नाही. तिचे आचळ गुलाबी झाले आणि ती कोपऱ्यात एकटी पडून राहू लागली, तेव्हा सरांच्या लक्षात आलं. पण तोवर दिवस भरत आले होते. सरांनी भिंतीला टेकून बोटांवर मागे हिशेब केला. सिंहिणीचे दिवस साडेतीन महिन्यांचे. हिशेब कुठे जाऊन थांबला ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तवा इथं तूच होती ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

मैना व्याली ती सकाळी, तीन पिल्लं. तिने आई कधी पाहिलेली नव्हती, सर्कशीत पिल्लं जन्मताच काढून घेत. पहिलं पिल्लू मेलेलंच होतं, ते तिने खाल्लं. दुसरं तिने तोंडात धरून पिंजऱ्यात फिरवलं, लपवायला जागा शोधत. जंगलात सिंहीण पिल्लं अशीच एका झुडपातून दुसऱ्या झुडपात नेते, पण तिथे चार भिंती आणि सिमेंट होतं. ती दुपारपर्यंत फिरत राहिली. पिल्लू तिच्या तोंडातच गेलं. तिसरं सरांनी लांब काठीने ओढून बाहेर काढलं. ती मादी होती. तिची मान एका बाजूला वळलेली होती आणि मागचे पाय तिला उचलता येत नव्हते.

चार दिवसांनी चौकशीला तीन जण आले. दौलतभाऊंना कुणी काही विचारलंच नाही. त्यांच्यापुढे सरांनी नोंदवही ठेवली. माझी 'नेहमीप्रमाणे' ही ओळ त्यांनी वाचली आणि पान उलटलं. मग सरांनी स्वतःचं निवेदन लिहून दिलं: शस्त्रक्रिया अयशस्वी झाली, जबाबदारी माझी. ज्या माणसाने मला एका झोपेच्या ओळीखाली 'मी पाहिलं नाही' लिहायला लावलं, त्याने माझ्यादेखत हे लिहून सही केली. त्या महिन्यात मला कायम करण्याचा कागद वर गेलेला होता. चौकशीवाले गेल्यावर मी रडायला लागले. सर म्हणाले, "रडू नको. तुही नोकरी गेली असती तं तुह्या बापानं तुले महिनाभरात बोहल्यावर उभी केली असती. मी रिटायर मानूस, माहं काय जाते?"

त्यांचं काय गेलं ते मी सांगते. त्या दिवसानंतर त्यांच्या हाती चाकू दिला गेला नाही. उरलेल्या ऑपरेशनांना बाहेरून तरुण डॉक्टर येत, आणि सर त्यांना दिवा धरून उभे राहत. दुसऱ्या दोन केंद्रांनी त्यांना बोलावलेलं होतं, ती बोलावणी परत घेतली गेली. एका सभेत एक जण त्यांच्यासमोर म्हणाला, गाई-म्हशींचा डॉक्टर सिंहाला हात लावायला गेला की असं होतं. ते मी ऐकलं, आणि त्या सभेत चहा वाटत राहिले.

पण सरांनी मला मोकळंही सोडलं नाही, आणि मला त्यांचा मोठेपणा इथे जास्त वाटतो. ते वाकड्या मानेचं पिल्लू त्यांनी पाच महिने बाटलीने जगवलं. दर वेळी बाटली माझ्या हातात द्यायचे. तिला खूप भूक लागायची, पण मान वळलेली असल्याने अर्धं दूध नाकातून यायचं. पाचव्या महिन्यात तिला झटके सुरू झाले. एका सकाळी सरांनी सुई भरली आणि मला म्हणाले, "धर." मी म्हटलं, सर, दौलतभाऊंना बोलावते. "नाई. तू धर." मी तिला मांडीवर घेतलं, तिचा पुढचा पाय धरला. सुई टोचताना तिने माझा अंगठा तोंडात घेतला, बाटलीसारखा. ती गेल्यावरही तो तिच्या तोंडात होता. सर उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले.

चौकशीचा निकाल आला तो असा, की नसबंदी भरवशाची नाही, म्हणून यापुढे कुठलीही जोडी एकत्र ठेवू नये. सरकतं दार काढलं आणि तिथे भिंत बांधली. खरं म्हणजे तोवर बहादर पूर्ण निर्धोक झालेला होता. ऑपरेशन उत्तम झालेलं होतं. त्या दोघांना मरेपर्यंत एकत्र राहता आलं असतं, आणि सरांनी एवढ्यासाठीच ते केलं होतं. भिंतीच्या एका बाजूला बहादर, एका बाजूला मैना. ती माजावर आली की दोघं भिंतीशी येऊन बसत आणि ओरडत. पुढे ओरडणं थांबलं, बसणं राहिलं.

भिंत झाल्यावर काही महिन्यांनी सर मला म्हणाले, त्या विषयावर पहिल्यांदा आणि शेवटचं. "भित पाडता येते बेटा. खरं सांगतलं तं. आता तू परमनंट झाली, फारतं मेमो देतीन." मी म्हटलं, सर, मला थोडा वेळ द्या. सर बरं म्हणाले. मग माझं लग्न झालं, मूल झालं, बढती आली. दर वर्षी मला वाटायचं, या वर्षी सांगू. सर अधूनमधून भिंतीकडे बघत आणि माझ्याकडे बघणं टाळत. त्यांनी सत्तरीला केंद्र सोडलं. दोन वर्षांमागे बहादर वारला, त्याच भिंतीशी. मैना आहे. एकोणीस वर्षांची झाली, दात गेलेत, खिमा घालते मी तिला. ती अजून भिंतीशीच बसते. ती गेली की आमच्याकडचे सिंह संपतील.

लोक म्हणतील, गौरवाच्या ग्रंथात हे कशाला. मला विचाराल तर सरांच्या गौरवाला याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही. आयुष्यभर कमावलेलं नाव त्यांनी एका घाबरट मुलीच्या नोकरीसाठी एका सहीत देऊन टाकलं. तिच्या घरी त्यांना फळीवर चहा मिळाला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तरी दिलं. आणि ते देतानाही तिला तिची चूक मांडीवर घ्यायला लावली.

हा लेख पाठवण्याआधी मी नालवाडीला सरांच्या घरी गेले आणि त्यांना वाचून दाखवला. डोळ्यांना आता कमी दिसतं त्यांना. खुर्चीत पाठ टेकून त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. काकू दाराशी उभ्या होत्या. वाचून झाल्यावर मी विचारलं, पाठवू का. ते म्हणाले, "पाठव." थोड्या वेळाने म्हणाले, "हे दहा वर्षांआधी लिहिलं असतं तं बहादर तिच्याजवळ मेला असता."

मी म्हटलं, हो सर.

त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. माफीच्या लायकीचं ते नाही, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाकडे तेवढं मागणं हाही एक लोभच झाला. संस्थेला मी लेखी कळवलं आहे आणि चौकशीच्या कागदाला माझं निवेदन जोडायला दिलं आहे. त्यात लिहिलं आहे, की डॉ. वामनराव नगराळे यांची शस्त्रक्रिया यशस्वी होती, दार मी उघडलं. माझं काय व्हायचं ते होईल.

सरांना उत्तम आरोग्य आणि पुष्कळ आयुष्य लाभो. त्यांची दृष्टी टिको, काकूंची साथ टिको, गुडघे त्यांना नालवाडीच्या चौकापर्यंत नेत-आणत राहोत. या ग्रंथात आणि बाहेर ज्यांनी ज्यांनी 'ते एक ऑपरेशन फसलं' असं म्हटलं, त्यांनी नालवाडीला जाऊन ते वाक्य सरांसमोर मागे घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. बारा वर्षांत ते म्हणणारे पुष्कळ झाले आहेत. ते सगळे येऊन जाईपर्यंत सरांनी दाराशी बसून राहावं, इतकं दीर्घ आयुष्य त्यांना मिळो.